वत्सगुल्माचे कवी राजे

(बी. ए. भाग २)

‘राजा’ आणि ‘कवी’ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. सिंहासनावर राजा बसलेला, समोर कवी हात जोडून उभा, कवीने स्तुतीचा श्लोक म्हणायचा आणि राजाने गळ्यातला हार काढून त्याच्याकडे फेकायचा. शाळेत असताना मलाही असेच वाटे. राजाने राज्य करावे, कवीने कविता करावी आणि एकाने दुसऱ्याला पोसावे.

हा समज पहिल्यांदा डळमळला तो गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला. सर चीनविषयी सांगत होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास तेथे हान साम्राज्य मोडकळीस आले होते. त्या धामधुमीत त्साओ घराणे पुढे आले. बाप त्साओ त्साओ (इ. स. १५५ ते २२०) हा सेनापती, अर्धे आयुष्य घोड्यावर गेलेला, पण युद्धात उजाड झालेल्या मुलखावर त्याने लिहिलेल्या कविता चिनी माणूस अजून वाचतो. थोरला मुलगा त्साओ पी याने २२० साली वेई राज्याची गादी स्थापन केली. राजा असूनही त्याने साहित्यावर निबंध लिहिला आणि लेखन हे राज्यकारभाराइतकेच मोठे काम आहे असे त्यात मांडले. धाकटा त्साओ झी तर तिघांत सरस कवी. थोरल्याने धाकट्याला धमकावले, सात पावले चालून होईपर्यंत कविता कर नाही तर जीव जाईल, आणि त्याने ती केली, अशी दंतकथा आहे. तिच्यातले खरे किती ते सोडून देऊ. एका घरात तीन कवी आणि तिघेही राज्याशी बांधलेले, एवढी गोष्ट मात्र खरी.

तास संपल्यावर मी धीर करून विचारले, “सर, आपल्याकडे असं कोणतं घराणं होतं का?” माझ्या मनात उत्तर तंजावरचे भोसले असे होते, कारण त्यांची मराठी नाटके अभ्यासक्रमात येऊन गेली होती. सर हसले. म्हणाले, “तंजावर कशाला गाठतेस? अमरावतीहून वाशीमची एस. टी. मिळते.”

मला वाटले सर थट्टा करतात. वाशीम म्हणजे १९९८ पर्यंत आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. बालाजीचे देऊळ, पद्मतीर्थ आणि सोयाबीनचा बाजार. तिथे कसले कवी राजे? पण त्या दिवसापासून ग्रंथालयात बसू लागले, आणि जे हाती लागले ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. मी संस्कृतची विद्यार्थिनी नाही आणि प्राकृत तर मुळीच येत नाही, तेव्हा विद्वानांनी वाचून ठेवलेले मी वाचले आहे, एवढे आधीच सांगून टाकते.

वाकाटक घराणे सुमारे इ. स. २५० च्या आसपास उदयाला आले. म्हणजे चीनमध्ये त्साओंची वेई गादी अजून टिकून होती तेव्हा इकडे विंध्यशक्ती नावाचा पुरुष वाकाटकांचा पाया घालीत होता. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी घेतली. त्याच्या मागे राज्य मुलांत वाटले गेले. पुराणे चार मुलांची गोष्ट सांगतात, पण ताम्रपटांवरून आपल्याला दोन शाखा नीट ठाऊक आहेत. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची, दुसरी वत्सगुल्माची. वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. दुसरी शाखा ज्याने सुरू केली तो पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, आणि तोच या लेखाचा पहिला कवी.

या शाखेची ओळख पटण्याची हकीकतच मोठी मनोरंजक आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांच्या वंशाचा कोरीव लेख आहे. ते लेणे राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले. लेख झिजलेला, अक्षरे पुसट. एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या पंडितांनी तो वाचला, पण सर्वसेनाचे नाव त्यांना नीट लागले नाही. मग १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. तो सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला. त्यात आजोबा आणि बाप यांची नावे स्वच्छ आहेत. ताम्रपटाच्या उजेडात लेण्यातला लेख पुन्हा वाचला गेला आणि पंधराशे वर्षे अंधारात गेलेली एक सबंध शाखा जागेवर आली. वाकाटकांचे लेख जुळवून वाचण्याचे बरेचसे काम महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांचा वाकाटक लेखांचा मोठा इंग्रजी संग्रह १९६३ साली निघाला. हे मिराशी काही काळ अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते हे कळल्यावर मला उगीचच आनंद झाला.

त्या वाशीमच्या ताम्रपटात माझ्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे. आणि पुढे कोणाला काय दिले, कोणत्या सवलती दिल्या, हा कामाचा भाग प्राकृतात आहे. थोरपणा सांगायला एक भाषा आणि व्यवहार करायला दुसरी! हे वाचून मला आमच्या तहसील कचेरीची आठवण झाली.

आता सर्वसेनाच्या काव्याकडे वळू. त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले, तेही महाराष्ट्री प्राकृतात. काळ चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा. विषय पारिजातहरणाचा. स्वर्गातल्या पारिजाताचे फूल रुक्मिणीला मिळाले म्हणून सत्यभामा रुसली, आणि तिची समजूत घालण्यासाठी श्रीकृष्णाने इंद्राला हरवून झाडच उचलून आणले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली असते. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे वऱ्हाडची लेक; आणि वऱ्हाडच्या राजाने काव्य लिहिले ते तिच्या सवतीची बाजू रंगवणारे! आमच्या आजीला ही गोष्ट सांगितली तर ती सर्वसेनाला क्षमा करणार नाही.

दुर्दैवाने ‘हरिविजय’ आज अखंड मिळत नाही. पण ते होते, आणि साधेसुधे नव्हते, याला साक्षीदार भक्कम आहेत. नवव्या शतकात काश्मीरमध्ये ‘ध्वन्यालोक’ लिहिणारा आनंदवर्धन एक मुद्दा मांडतो, की कवीने जुनी कथा जशीच्या तशी घेऊ नये, रसासाठी तिच्यात फेरफार करावा; आणि हे ज्यांनी केले त्यांत तो कालिदासाच्या जोडीने सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे नाव घेतो. पुढे कुंतकानेही सुकुमार शैलीचे कवी सांगताना कालिदासाच्या पंगतीत सर्वसेनाला बसवले. धारेच्या भोजराजाने आपल्या अलंकारग्रंथात ‘हरिविजया’तली कितीतरी पद्ये उदाहरणे म्हणून घेतली आहेत. भोजही राजा आणि लेखक. एका राजाचे हरवलेले काव्य दुसऱ्या राजाच्या ग्रंथातून तुकड्यातुकड्याने सापडावे हा योग काही वेगळाच. डॉ. वि. म. कुलकर्णी यांनी हे तुकडे गोळा करून लावण्याचा प्रयत्न केला. भांडे फुटले तरी खापरांवरून त्याचा आकार कळतो, तसे हे काम आहे.

दुसरा कवी नंदिवर्धनाच्या शाखेचा, दुसरा प्रवरसेन. त्याचा काळ पाचव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान. बाईने पोरवयाच्या युवराजाच्या नावाने निदान तेरा वर्षे राज्य चालवले. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात ती आधी आपल्या माहेरची वंशावळ सांगते. घरात कर्ता पुरुष नसताना बाईने संसार कसा ओढला हे आम्ही खेड्यातल्या मुलींनी पाहिलेले आहे. इथे संसाराच्या जागी राज्य होते एवढेच. प्रवरसेनाची कविता पाहताना त्याच्या मागे उभी असलेली ही आई मला सारखी दिसत राहते.

प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ लिहिले. त्यालाच ‘रावणवहो’ असेही म्हणतात. भाषा पुन्हा महाराष्ट्री प्राकृत. पंधरा आश्वास, म्हणजे पंधरा सर्ग, आणि सुमारे तेराशे पद्ये. कथा रामायणातली, पण सबंध रामायण नाही. पावसाळा सरून शरद ऋतू आला आहे, हनुमान सीतेची बातमी घेऊन येतो, तेथून काव्य सुरू होते. वानरसेना समुद्रावर पोचते आणि ते अफाट पाणी पाहून सगळ्यांची हिंमत खचते. सुग्रीव त्यांना धीर देतो. राम बाण मारून समुद्र पेटवतो, समुद्र शरण येतो, आणि मग डोंगर उपटून आणून नल सेतू बांधतो. पुढे रावण रामाचे मायावी तुटलेले मस्तक सीतेपुढे टाकतो आणि त्रिजटा तिला सावरते, तो भाग फार करुण आहे. शेवटी युद्ध, रावणवध, सीतेचे अग्निदिव्य आणि अयोध्येला परत येणे. काव्याचा जीव मात्र सेतूत आहे. उपटलेल्या डोंगरांवरचे हत्ती, झरे, झाडे पाण्यात पडताना काय होते, मासे कसे घाबरतात, पाणी आभाळाला कसे भिडते, हे कवी सांगता सांगता थकत नाही. मी अनुवादातून वाचले, तरी दम लागला. कधी कधी तर वर्णन जरा जास्त झाले असेही वाटते. पण अजून समुद्र न पाहिलेल्या माझ्यासारखीला त्या वानरांचे समुद्र पाहून गप्प होणे अगदी पटते.

या काव्याची कीर्ती किती दूर गेली पाहा. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाराष्ट्रात रुजलेली प्राकृत ही सर्व प्राकृतांत श्रेष्ठ असे म्हटले आणि त्याला आधार म्हणून ‘सेतुबंधा’चेच नाव दिले. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी लिहिले, की वानरसेना सेतूवरून पलीकडे गेली तशी प्रवरसेनाची कीर्ती या सेतूवरून समुद्रापार गेली. ही नुसती कविकल्पना म्हणून सोडून दिली असती. पण कंबोडियात नवव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या यशोवर्मा राजाच्या एका शिलालेखात खरोखरच प्रवरसेनाचे नाव आहे! तेथला कवी आपल्या राजाची स्तुती करताना म्हणतो, की आमच्या राजाने धर्माचा सेतू बांधून त्या दुसऱ्या प्रवरसेनालाही मागे टाकले, कारण त्याने बांधला तो केवळ ‘प्राकृत’ सेतू. प्राकृत म्हणजे भाषा आणि प्राकृत म्हणजे सामान्य, असा श्लेष. चिमटा आहे खरा, पण ज्याला कोणी ओळखत नाही त्याला कोणी चिमटा काढीत नाही. पुढे अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, रामदास नावाच्या राजाने ‘सेतुबंधा’वर टीका लिहिली. १८८० साली जर्मन पंडित गोल्डश्मिट यांनी हे काव्य जर्मन भाषांतरासह छापले, आणि १८९५ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने रामदासाच्या टीकेसह काढले. इंग्रजी अनुवाद कृष्णकांत हंदिकी या आसामच्या विद्वानांनी केला, तो १९७६ चा. काश्मीर, कनोज, कंबोडिया, जर्मनी, आसाम. आणि अमरावतीला मी माझ्या वर्गात विचारले तेव्हा एकानेही हे नाव ऐकलेले नव्हते. मी तरी कुठे ऐकले होते?

येथे एका वादाला तोंड द्यावे लागते. ‘सेतुबंध’ राजाने खरोखर स्वतः लिहिले काय? टीकाकार रामदास सांगतो, की विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने हे काव्य प्रवरसेनासाठी रचले. काही हस्तलिखितांत सर्गाच्या शेवटी प्रवरसेनाबरोबर कालिदासाचेही नाव येते. विक्रमादित्य म्हणजे आजोबा चंद्रगुप्त, त्याने नातवाच्या दरबारी कालिदासाला पाठवले, ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, अशी सगळी साखळी जुळवता येते. पूर्वी काही विद्वान तर हा प्रवरसेन काश्मीरचा म्हणत.

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. बाण आणि दंडी हे रामदासाच्या कितीतरी आधीचे. बाण हे काव्य सरळ प्रवरसेनाचे म्हणतो, आणि दंडी काव्याचे नाव घेतो पण कालिदासाचे नाव त्याला जोडीत नाही. शिवाय काव्याच्या आरंभीच एक पद्य आहे. त्याचा अर्थ असा लावतात, की नव्याने गादीवर आलेल्या राजाने हे काम सुरू केले, मध्ये चुकत-अडखळत गेले, आणि ते शेवटास नेणे मैत्री निभावण्याइतके कठीण आहे. कालिदासाला असे लिहायचे काय कारण? हे तर नवशिक्याचे बोलणे आहे. थोरामोठ्यांनी हात फिरवला असेल, नाही कोण म्हणते? चीनच्या त्साओंच्या भोवतीही सात नामांकित कवी होते. पण चांगले काही दिसले की ते दुसऱ्या कोणा प्रसिद्ध माणसाने लिहून दिले असणार असे म्हणण्याची जी सवय आहे, ती मला आवडत नाही. मला हे माझ्या अनुभवाने कळते. अकरावीत मी लिहिलेला निबंध वाचून एकांनी विचारले होते, “हा कोणाकडून लिहून घेतलास?”

राजे असून या दोघांनी संस्कृत का नाही निवडली? विद्वानांची भाषा तीच होती, मान तिलाच होता. याचे उत्तर त्यांच्या आधीच्या सातवाहनांकडे जाते. हाल राजाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ याच महाराष्ट्रीतली, शेत, नांगर, नदी, सासू, सून यांनी भरलेली. जुन्या टीकाकारांनी काही गाथांखाली कवींची नावे दिली आहेत, आणि त्यांत सर्वसेन आणि प्रवरसेन ही नावे सापडतात. म्हणजे या राजांनी नवी वाट पाडली नाही, आपल्या मुलखाची चालत आलेली वाट मोठी केली; गाथेचा महाकाव्यापर्यंत विस्तार केला. अर्थात येथे भाबडेपणा नको. ‘सेतुबंधा’ची प्राकृत ही वाशीमच्या बाजारात बोलली जाणारी भाषा नव्हे. ती घासूनपुसून चकचकीत केलेली, लांबलचक समासांनी भरलेली दरबारी भाषा आहे. तरी पण ‘हत्थ’, ‘कण्ण’, ‘अज्ज’, ‘अग्गि’ असे शब्द पाहिले की हात, कान, आज, आग हे आपले शब्द त्यांच्या आडून डोकावतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृतलाही तो मिळाला. आई-लेकींचा सत्कार एकाच मांडवात झाला म्हणायचा.

वत्सगुल्माच्या मानाचा सर्वांत सुंदर पुरावा मात्र राजशेखराने ठेवला आहे. हा दहाव्या शतकाच्या आसपासचा, कनोजच्या दरबारातला मोठा कवी. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागे पाठवते. ती पूर्वेकडे जाते, पांचाळात जाते, अवंतीत जाते. प्रत्येक देशात तिचा वेष, तिचे नृत्य, तिचे बोलणे बदलते आणि तो थोडा थोडा वळत जातो. शेवटी दोघांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. साऱ्या भारतभर फिरून काव्य आणि साहित्य यांची गाठ पडली ती वाशीमला! ‘कर्पूरमंजरी’त हाच राजशेखर काव्याच्या शैलीला ‘वच्छोमी’ म्हणतो. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्मी, म्हणजे जिला संस्कृतात वैदर्भी रीती म्हणतात ती. गोड, सरळ, ओढून न ताणलेली.

मागच्या वर्षी मी एका मोठ्या शहरात वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. भाषण बरे झाले. पण नंतर चहाच्या वेळी माझ्या तोंडून “मले नको” असे निघून गेले, तेव्हा परीक्षकांपैकी एक जण हसून म्हणाले, “हे वऱ्हाडी ठसके जरा कमी करा.” मी पुढे दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. वैदर्भी रीती ही संस्कृत-प्राकृत काव्याची रीत आहे, माझ्या ‘मले-तुले’शी तिचे थेट नाते लावणे बरोबर नाही हे मला समजते. तरी ज्या मुलखाचे नाव एके काळी साऱ्या देशाने चांगल्या लिहिण्याला दिले, तो मुलूख हाच, हे त्या दिवशी ठाऊक असते तर मी निदान मान खाली घातली नसती.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हा लेख नुसता पोवाडा होईल.

आमचे गाव अचलपूर तालुक्यातले. अचलपूरपासून चारेक मैलांवर चम्मक नावाचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे प्रवरसेनाचा, म्हणजे ‘सेतुबंध’कर्त्याचाच, एक ताम्रपट सापडला. राज्याचे अठरावे वर्ष. राजधानी प्रवरपुराहून दिलेला. (प्रवरपूर म्हणजे विनोबांचे पवनार असे मिराशींचे मत; अलीकडे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक त्या ठिकाणाचे नाव पुढे करतात.) भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव, राजमापाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दान, असा तो मजकूर. भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली आणि चर्मांक म्हणजे चम्मक. दानाला अटी आहेत, त्या मोठ्या वाचण्यासारख्या: हे दान चालेल ते घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह केला नाही, चोरी केली नाही, व्यभिचार केला नाही, राजाला विष घातले नाही, लढाई केली नाही आणि दुसऱ्या गावांना त्रास दिला नाही तरच. समुद्राच्या लाटा मोजणारा हा कवी कारभारात किती सावध होता! आंधळेपणाने सही करणारा हा माणूस नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना घेऊन चम्मकला गेले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. आजोबा तर अंगठाच लावीत. ताम्रपट तेथे नाही, नुसते गाव आहे. नदीच्या काठी उभे राहून मी बाबांना सगळे सांगितले. राजा, काव्य, ताम्रपट, हजार ब्राह्मण. बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, “थे समदं ठीक हाये पोरी, पन वावर वाहे कोन?”

मी ताम्रपटाचा मजकूर पुन्हा आठवला. दान देणारा आहे, कोंडराज नावाच्या ज्या माणसाच्या विनंतीवरून दान दिले तो आहे, घेणाऱ्यांची गोत्रे आणि नावे आहेत, ताम्रपट ज्याच्या अधिकारात लिहिला तो सेनापती चित्रवर्मा आहे. त्या आठ हजार भूमीवर नांगर धरणाऱ्याचे नाव नाही. बाबांचा प्रश्न ताम्रपटाला विचारायचा राहूनच गेला होता, आणि मलाही तो सुचला नव्हता. पुस्तके वाचून मी राजाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते, माझ्या नकळत.

म्हणून काव्य खोटे ठरते असे मात्र मला वाटत नाही. ‘गाथासप्तशती’त नांगरणारा तरी आहे, ‘सेतुबंधा’त डोंगर वाहून आणणारी वानरे आहेत, आणि त्यांच्या थकण्याचे वर्णन राजाने मन लावून केले आहे. त्याला ते कोठे दिसले असेल?

या घराण्याचा शेवट चटकन सांगते, कारण त्याची माहिती थोडी आहे. वत्सगुल्माच्या शाखेत पुढे देवसेन झाला. त्याच्या काळात वाशीमजवळ हिस्से-बोराळा येथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला, त्याचा शिलालेख शके ३८० चा, म्हणजे इ. स. ४५८ चा आहे. त्याचा मुलगा हरिषेण. अजिंठ्यातली उत्तम लेणी याच्याच कारकिर्दीत कोरली, रंगवली गेली. नंतर इ. स. ५०० च्या सुमारास घराणे दिसेनासे होते. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त विदर्भाच्या एका तरुण राजाची गोष्ट आहे. तो कलांत आणि काव्यात हुशार, पण राजनीतीचा कंटाळा करणारा. म्हातारा मंत्री समजावून सांगतो, खुशमस्करे त्याची टर उडवतात, आणि शेजारचा अश्मकाचा राजा डाव साधून राज्य बुडवतो. वाकाटकांच्या अखेरची छाया या गोष्टीत पडली आहे असे मिराशींना वाटले. वेई राज्यही त्साओंच्या हातून गेले, तेही पन्नास वर्षांच्या आत. यावरून ‘कविता केली म्हणून राज्य गेले’ असे म्हणणारे वर्गात निघालेच. पण सर्वसेनाने तर राज्य उभे केले, त्याच्या मुलाने सदतीस वर्षांहून कमी राज्य केले नाही, आणि प्रवरसेनाचे डझनावर ताम्रपट सापडले आहेत. ज्यांनी कविता लिहिली नाही त्यांची राज्ये कोठे टिकली?

चम्मकहून परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. अचलपूरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना एकदम म्हणाले, “त्या राजानं समुद्राचं लिवलं म्हंतं, त् त्यातलं थोडंसं वाचून दाखवशील काय मले?” माझ्याजवळ पुस्तक नव्हते, आणि असते तरी ते इंग्रजीत. मग मी आठवेल तसे, आमच्याच बोलीत सांगायला लागले. वानरे काठावर येतात, समोर पाणी पाहतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात, येथपर्यंत आले तोच परतवाड्याची गाडी लागली.